पावणीचं अंथरूण

माझ्या भावजयीचा मला हेवा वाटतो. वर्षभर तो बेताने असतो, पण दिवाळी सरली आणि थंडी पडायला लागली की आवरत नाही. ती माझ्या धाकट्या भावाची बायको, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. स्वभावाने गरीब, तोंडाने गोड, कामाला वाघ. भांडायला म्हणून कधी कारण देत नाही. अशा माणसाचा हेवा करणं कष्टाचं काम आहे, पण मी ते नेटाने करत आले आहे.

कारण एकच. माझी आई तिच्याजवळ असते.

आमचं गाव खानापूरच्या पुढे, लोंढ्याच्या अलीकडे. मी राहते बेळगावात, अनगोळला, आणि तिथल्याच एका शाळेत शिकवते. बेळगावची थंडी स्वेटरवर भागते. गावातली थंडी कौलांच्या फटींतून आत शिरते आणि शिवरात्रीपर्यंत मुक्काम ठोकते. सकाळी नऊपर्यंत पागोळ्यांतून दव टपकत असतं. न्हाणीतल्या तांब्याच्या हंड्याखाली पहाटेच जाळ घातलेला असतो. भाऊ कानटोपी चढवून मोटारसायकलने खानापूर गाठतो आणि तिथून बसने उद्यमबागेतल्या कारखान्यात जातो. मग घरात उरतात आई आणि भावजय. दोघी चुलीपुढे बसून हुलग्याचं माडगं पितात आणि गावभरच्या गोष्टी करतात. संध्याकाळी कोकमाच्या तेलाचा गोळा निखाऱ्यावर धरून भावजय ते आईच्या भेगाळलेल्या टाचांना चोळते. आई डोळे मिटून पाय सोडून बसते. त्या टाचांवर पहिला हक्क माझा, असं मला दर वेळी वाटतं. मी मात्र जवळच्या पाटावर बसून बघते.

दर हिवाळ्यात सीएल साठवून मी चार-पाच दिवस माहेरी जाते. आईसाठी काहीतरी नेते. एकदा विजेवर तापणारी पिशवी नेली, एकदा आतून लोकर लावलेले मोजे. आई हातात घेऊन कौतुक करते, "लई भारी हाय गं," म्हणते आणि कपाटावर ठेवते. पुढच्या वर्षी ते तिथेच असतं, वर धूळ तेवढी वाढलेली. भावजयीने जुन्या स्वेटरच्या बाह्या कापून दिलेले पायमोजे मात्र आईच्या पायांतून निघत नाहीत.

पण खरी मिरची झोंबते ती झोपायची वेळ झाली की. आमच्याकडे अंथरुणाचे दोन प्रकार. घरच्या माणसांना वाकळा, जुन्या लुगड्यांच्या घड्या घालून हाताने शिवलेल्या, वर्षानुवर्षं वापरून मऊ पडलेल्या. आणि पावण्यांसाठी ट्रंकेत ठेवलेलं नवं ब्लँकेट, डांबरगोळ्यांच्या वासाचं. मी गेले की आई ट्रंक उघडायला सांगते. "पावणीला चांगलं दे गं," म्हणते. ही पावणी म्हणजे मी. ज्या घरात माझे दुधाचे दात पडले त्या घरात मी डांबरगोळ्यांत झोपते, आणि भिंतीपलीकडे भावजय माझ्या आजीच्या लुगड्याची वाकळ पांघरते. एकदा मी म्हटलं, "मलाबी वाकळ दे की." आई हसली. "जुनेर पांघरूण घालू व्हय तुला? मानसं काय म्हणतील?"

गेल्या पौषात गेले तेव्हा सोप्यावर नवी वाकळ पसरलेली होती. दोघी समोरासमोर बसून धावदोरा घालत होत्या. जवळ गेले आणि कडेला मला एक जांभळी काठाची पट्टी दिसली. मी ओळखली. माझ्या पहिल्या पगारातून आईला घेतलेलं लुगडं होतं ते.

"आई, हे फाडलंस?"

"नेसून नेसून इरलं की गं. आता पांघराय झालं."

"मला विचारायचं तरी!"

भावजय सुई हातात धरून तशीच थांबली. आई म्हणाली, "तुला काय इचारायचं? माझंच लुगडं न्हवं ते?" बरोबरच होतं. त्यामुळे माझ्या अंगाचा जास्तच तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाकळ संपत आली. आमच्याकडे वाकळीचा शेवटचा कोपरा शिवायच्या आधी आत भाकरीचा तुकडा ठेवतात. वाकळ उपाशी ठेवू नये, उपाशी वाकळ पांघरणाऱ्याची झोप खाते, असं म्हणतात. आईने कोपऱ्याची घडी उघडून धरली. भावजय दुरडीतली भाकरी आणायला आत जायला उठली, तेवढ्यात मी तिच्या पुढे धावले, तुकडा मोडून आणला आणि कोपऱ्यात घालायला वाकले. लुगडं माझं होतं. घास मी भरवणार.

आईने माझं मनगट धरलं. अगदी हळू धरलं.

"तू नगं, बाई. ह्या चुलीची भाकर जी थापती तिनंच घालायचा घास. तू तुझ्या घरच्या वाकळंला घाल."

भावजय घाईने सासूला म्हणाली, "ऱ्हाऊ दे की आत्ती, आक्का घालू देत. काय हुतंय?"

तिचा तो मोठेपणा मला सगळ्यात जास्त लागला. माझ्या माहेरात मला परवानगी देणारी ही कोण? मी तुकडा खाली ठेवला आणि म्हणाले, "बरं. मग आता मी आईला माझ्या घरी नेते. तिकडं थंडी न्हाई, धूर न्हाई. हिवाळा सरला की आणून सोडते."

असं मी आधीही अनेकदा म्हटलं होतं, आणि आईने ते हसण्यावारी नेलं होतं. या वेळी मी बोलता बोलता रडले. माझं रडणं बघून आई म्हणाली, "येतो की. रडतीस कशाला?" भावजयीने पिशवी भरली. सुंठीची पुडी ठेवताना तिचं तोंड उतरलेलं मी बघितलं, आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

अनगोळला आणल्यावर मी काही म्हणून कमी केलं नाही. गिझरचं पाणी, खोलीत हीटर, गादीवर गादी. माझे मालक रोज तिच्यासाठी आठवणीने फळं आणत. आई प्रत्येक गोष्टीला "झक्क हाय" म्हणायची. सोफ्याच्या अगदी कडेला बसायची. सकाळी मी उठायच्या आत पांघरुणाची घडी घालून ठेवायची. चहा झाला की कपबशी हातात धरून विचारायची, "हे कुठं ठेवू गं?" तिसऱ्या दिवशी मी तेल तापवून तिच्या टाचांना चोळायला बसले. तिने पाय आखडून घेतले. "नगं गं, तू शाळंत दमून आलीयास." मी हट्टाने पाय ओढून घेतले. हीटरजवळ बसूनसुद्धा ते बर्फासारखे गार होते. मी चोळत होते तोवर ती ताठ बसून राहिली.

चौथ्या दिवशी तिने आवाज खाली करून विचारलं, "मालकांस्नी अडचण न्हाय न्हवं हुईत माझी?"

पाचव्या दिवशी रविवार होता. मी म्हटलं, "चल, सोडून येते." तिने "आणि दोन दिस ऱ्हायलो असतो की" असं तोंडदेखलं म्हटलं, पण पिशवी आधीच भरलेली होती.

खानापूरहून टमटमने आम्ही दारात उतरलो. शेजारची बाई अंगणात होती. आई तिला म्हणाली, "लई केलीन लेकीनं. काय सुदीक कमी पडू दिलं न्हाय." पावणचार घेऊन आलेलं माणूस बोलतं, शब्दन् शब्द तसंच.

मग ती आत गेली, आणि चार दिवसांत मी न ऐकलेला आवाज आतून आला.

"अगं ए! हंड्याखालची राख कवा काढलीयास? ही वली लाकडं कुणी आत घातली? चार दिस घर सोडलं तर न्हाणीचा उकिरडा केलीस! डोळं फुटलं व्हय तुझं?"

"तुमी न्हवतासा मग कुणासाठनं काढू राख?" भावजय बोलत होती. ती रडत होती की हसत होती ते कळेना. "चार दिस मला ग्वाड लागलं न्हाय आत्ती, आणि आल्या आल्या वरडतासा!"

"वरडू नगं तर काय ववाळू तुला? आण हिकडं फुकणी!"

मी दारात पिशवी धरून उभी होते. आई माझ्यावर शेवटची कधी ओरडली, ते आठवायचा प्रयत्न केला. लग्नाआधीचंच काहीतरी असणार. तिच्या शिव्यासुद्धा माझ्या राहिल्या नव्हत्या. मग मला काय झालं कोण जाणे, मी चपला न काढता उंबरा ओलांडला, सोपा ओलांडला आणि थेट चुलीपुढे जाऊन उभी राहिले. लहानपणी या गुन्ह्याला आमच्या घरी लाकडाने मार बसायचा.

न्हाणीच्या दारातून आईने माझ्या चपलांकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. तिचा आवाज पुन्हा मऊ झाला.

"आक्काला ऊन पाणी दे गं," ती भावजयीला म्हणाली, "पाय धुवू दे. लांबनं आलीया."

भावजयीने पाणी आणून दिलं. मी चपला काढून बाहेर ठेवल्या आणि पाय धुतले.