म्हशीच्या गोठ्यातली स्पोर्ट्स कार

"अवं, पुढं घ्या की पुढं! लिंबं पुढं हायती! म्हशीवर घालताव का काय!"

बायको अशी ओरडली की ढोकीच्या साखर कारखान्याचा भोंगा त्या दिवशी वाजला नसता तरी चाललं असतं. गाडीला हार घातलेला, पुढच्या दोन्ही चाकांपुढं एकेक लिंबू, नारळ नुकताच फुटलेला आणि मी स्टिअरिंग धरून सुसाट मागं चाललेलो. म्हशीनं एकदाच वळून पाहिलं, दावं तोडलं आणि ती थेट कारखान्याच्या वजनकाट्यावर जाऊन उभी राहिली. काट्यावरचा माणूस म्हणतो, वजन करूनच परत गेली. मी वाढवून सांगत नाही. माझी सवय कमीच सांगायची.

गाडी लाल, दोन दारांची, जमिनीला इतकी टेकलेली की खालून जाणाऱ्या मुंगीनंही कंबर वाकवावी. तिचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स निकामी झाला म्हणून पुण्याच्या एकानं टाकून दिलेली, मी ट्रकात घालून आणली. जन्मभर मी ट्रॅक्टरच उघडले, पण चौकातल्या हॉटेलात बोलून गेलो, "ऑटोमॅटिक म्हंजे पाळणा. हिला क्लच बसवतो, हातगिअर बसवतो आन् येरमाळ्याचा घाट चढवतो."

गाडीला सावली हवी म्हणून तिला गोठ्यात घेतली आणि म्हैस बाहेर बाभळीखाली आली. उन्हात तिचं दूध आटलं. दूध आटलं तसं बायकोचं बोलणंही आटलं. शेवटी एकदाच बोलली.

"येडाईच्या दर्शनाला ह्याच गाडीत जायाचं. घाट चढून आपल्या पायानं घरी आली तर ठिवा. टोचन लावून वढत आणावी लागली, तर तशीच भंगारात."

लागलो कामाला. अपघातात चेपलेली तशीच एक गाडी हैदराबादला सापडली, तिचा गिअरबॉक्स आणला. जुनं धूड खाली उतरवलं, नवा चढवला, फ्लायव्हील आणि क्लचप्लेट बसवली. ब्रेकचं पेडल पाटाएवढं रुंद होतं, ते कापून निम्मं केलं आणि शेजारी क्लचला जागा काढली. क्लचचं पेडल मात्र ट्रॅक्टरचं. ते दाबून दाबून माझी डावी पोटरी एवढी फुगली की पँट एका बाजूनं उसवावी लागली. तरी गाडी सेल्फ मारेना! गिअरचा दांडा पार्किंगला असल्याशिवाय चालू व्हायचं नाही, ही तिची जुनी खोड; आणि आता पार्किंग उरलंच नव्हतं. तिथल्या दोन वायरी एकत्र पिळल्या, तशी ती अशी डरकाळली की पार माकणीच्या धरणात लाटा उठल्या.

एकच भानगड राहिली. माझ्या हाताला जिथं पहिला गिअर ठाऊक, डावीकडं वर, तिथं हिचा रिव्हर्स. डोक्याला हे माहीत होतं. हाताला कोण सांगणार? पूजेला माणसं जमली, मोबाईल वर झाले आणि हात जुन्या वाटेनं गेला.

"लिंबू फुटलं न्हाय," चुलते म्हणाले. "आज जाऊ नगंस."

"तात्या, बोकड टक्कर द्यायच्या आधी मागंच सरतो!"

दांडा खाली ओढला, पहिला पडला आणि लिंबं अशी फुटली की रस चुलत्यांच्या टोपीवर उडाला. बायको हसली नाही. टोचनाचा दोर मांडीवर घेऊन शेजारी बसली.

भर घाटात पुढचा उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसकट थांबला. चढावर मलाही थांबावं लागलं.

"उतरू का दोर घिऊन?"

मी क्लच दाबला. दांडा खाली, पहिला. हँडब्रेक सोडला आणि गाडी बोटभरही मागं न सरता उचलली. ट्रॉल्यांच्या बाजूनं अशी काढली की वाऱ्यानंच ऊस सोलून निघाला.

देवीची ओटी भरली आणि आलो घरी. म्हैस आपली आपण परतून बाभळीखाली रवंथ करत होती. मी इंजिन बंद केलं, चावी बोटावर फिरवली.

"बोला आता! आली का न्हाय आपल्या पायानं?"

बायकोनं मांडीवरचा दोर माझ्या हातात दिला.

"आली की. चालती गाडी उन्हात उभी ऱ्हाती. म्हैस आत बांधा."