साहेबांचं पापलेट आणि माझा ड्राय आइस

आता तुमच्यापासून काय लपवायचं? चहा घ्या, आणि पाच दिवसांचं प्रशिक्षण घेऊन माझ्या अकलेचं दिवाळं कसं निघालं ते ऐका!

गोष्ट नव्वदच्या आसपासची. मी राहायला वर्तकनगरला आणि नोकरीला विमानतळावर, मालवाहू विमानांच्या विभागात. ॲसिड, विष, स्फोटकं असला धोकादायक माल विमानात सुरक्षित कसा चढवायचा, हे शिकायला कंपनीने मला पाठवलं. परीक्षेत मी पहिला आलो. झालं! आता माझ्या घरच्यांचं काही खरं नव्हतं.

घरात पाऊल टाकल्या टाकल्या मी रॉकेलचा डबा आणि काड्यापेटी वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवली. "एकमेकांशी न पटणाऱ्या वस्तू शेजारी ठेवायच्या नसतात. नियम आहे!"

"मग मला आणि सासूबाईंना कुठल्या फळ्यांवर ठेवताय?" बायको म्हणाली.

हिला कुणी प्रशिक्षणाला पाठवलं नव्हतं, म्हणून डोकं शाबूत होतं.

तर, आमच्याकडे लोडिंग सुपरवायझरची एक जागा निघाली. उमेदवार दोन, मी आणि पेडणेकर. निवड करणार दळवीसाहेब. हे साहेब डोंबिवलीचे आणि पापलेटावर जीव टाकणारे. मी त्यांना रविवारी सकाळी घरी चहाला बोलावलं, जाताना हातात पापलेटं द्यायची म्हणून. लाच? छे हो, पाहुणचार!

आमची नेहमीची कोळीण, कळव्याची हिराबाई, साहेब यायच्या जरा आधी चार पापलेटं घेऊन आली. ताटाएवढी! ऑफिसात उरलेला ड्राय आइस मी थर्माकोलच्या खोक्यातून आणूनच ठेवला होता. या बर्फाचं पाणी होत नाही, थेट वायू होतो. मी प्लास्टिकच्या मोठ्या बरणीत पापलेटं भरली, वर ड्राय आइस घातला, फिरकीचं झाकण जीव खाऊन आवळलं आणि वरून चिकटपट्टीचे चार वेढे मारले. साहेबांना वाटेत वास यायला नको ना!

हिराबाई बघत होती. "आरं दादा, इतका नको आवलू. बर्फाला पन सास घ्यायला जागा ठेव."

"मावशी, हे सायन्स आहे. टोपलीत मासे रचण्याइतकं सोपं नाही!"

तेवढ्यात साहेब आलेच. मी बरणी त्यांच्या खुर्चीशेजारी ठेवली, दिसेल अशी. साहेबांनी एकदा तिच्याकडे बघितलं, पोह्यांची बशी हातात घेतली आणि म्हणाले, "बघू तुमची तयारी. ॲसिडचं पिंप गळत असेल तर?"

"विमानात चढवायचंच नाही, साहेब."

"शाब्बास. जिवंत जनावरं आणि ड्राय आइस?"

"एकमेकांपासून लांब ठेवायचं!"

शेजारी बरणी कण्हल्यासारखी वाजली. तिचं पोटही जरा फुगल्यासारखं वाटलं. पण परीक्षा चालू असताना इकडेतिकडे बघतं का कुणी? जागा माझ्या खिशात आली होती!

"आता शेवटचं. ड्राय आइस भरताना काय काळजी घ्याल?"

हे तर मला झोपेतही पाठ होतं. "वायू बाहेर पडायला वाट ठेवायची, साहेब. झाकण हवाबंद कधी म्हणजे कधीच करायचं नाही. नाहीतर..."

फाट्!

झाकण छतावर आपटलं. एक पापलेट पंख्याच्या पात्यावर, दुसरं साहेबांच्या मांडीवर. आतून आई ओरडली, "अगं बाई, स्टोव्ह फुटला!" पांढऱ्या धुरात साहेब तसेच बसलेले, बशी हातात, शर्टावर खवले.

"उत्तर बरोबर आहे," ते म्हणाले.

पैशांसाठी बाहेर थांबलेली हिराबाई दारातून डोकावली. "झाला का रं तुजा सायन्स?"

सोमवारी पेडणेकर सुपरवायझर झाला. मी तोंड पाडून साहेबांच्या केबिनमध्ये गेलो.

"वाईट वाटून घेऊ नका," साहेब म्हणाले. "नियम तुम्हाला पाठ आहेतच. काही गोष्टी विमानापासून लांब ठेवाव्या लागतात."

आणि माझं टेबल त्यांनी रस्त्यापलीकडे, कागदपत्रांच्या खोलीत हलवलं. आमच्या विभागातली सगळ्यात धोकादायक वस्तू कोणती, हे मला पाच दिवस शिकूनही ओळखता आलं नव्हतं. साहेबांनी पोहे खाता खाता ओळखलं.