न आलेलं ‘हाव’

शेषरावकाका नसते तर मी पदवीधर झालो नसतो. नांदुऱ्याच्या कॉलेजात शिकताना तीन वर्षं त्यांच्याच खोलीत राहिलो, काकूंच्या हातचं जेवलो. जिनिंगमधली नोकरीही त्यांनीच शब्द टाकून मिळवून दिली. ते तिथे फिटर होते. आणि त्यांच्याच बाबतीतलं हे — अकरा वर्षं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या त्या कारखान्यात आज सुरक्षेचं काम माझ्याकडे आहे. हंगामाच्या सुरुवातीला नव्या मजुरांना मी एकच नियम पढवतो — मशीनमध्ये कोणाचा हात असेल तर आधी ओरडून विचारा, ‘चालू करू का?’ समोरून ‘हाव’ — आमच्याकडचं ‘हो’ — आलं, तरच बटण दाबा. मग त्यासाठीच बोलावलेले काका उठतात. उजव्या हाताची उरलेली दोन बोटं वर करतात. “पाहा रे, मी हात काढाच्या आधीच हाव म्हणलो. असं करू नका बाप्पा.” मजूर त्या बोटांकडे बघतात. मी खाली बघतो.

किती लांबवतोय मी, कळतंय ना तुम्हाला?

त्या दिवशी सरकीचा पट्टा अडकला होता. काका वाकून कचरा काढत होते, मी बटणाजवळ. नुकताच सुपरवायझर झालो होतो. शेजारी पुण्याहून आलेले दोन पाहुणे उभे — त्यांच्याशी मी जपून, पुस्तकातल्यासारखं बोलत होतो. त्यांच्यादेखत “काका, चालू करू काय होऽ” म्हणून ओरडायची मला लाज वाटली. एवढंच. घाई नव्हती, कोणी दम दिला नव्हता. मी विचारलंच नाही. बटण दाबलं.

दवाखान्यात काकांनी विचारलं, “काऊन रे, मी हाव म्हणलो होतो काय?”

“हाव काका. मी ऐकलं.” — किती सहज निघालं ते तोंडातून.

काका छताकडे बघत म्हणाले, “म्हणलो असीन मंग.”

नोंदवहीत मी कारण लिहिलं — कामगाराची चूक.

काकू अजून त्यांना टोचतात, “घरी दहा खेपा विचारलं तरी या माणसाच्या तोंडातून हाव निंगत नाही, अन् तिथं बरं निंगालं!” सगळे हसतात. काकाही. मीही हसलो आहे — एकदा नाही, दरवेळी.

परवा हे पत्र टाकलं :

‘काका, त्या दिवशी मी तुम्हाले विचारलंच नव्हतं. तुम्ही हाव म्हणलेच नाही. मी खोटं बोललो. मॅनेजर साहेबाले लेखी दिलं आहे. नोंदवहीत चूक माझ्या नावावर लिहिली आहे. सोमवारी तुम्हाले न बोलावता नव्या मजुरांपुढे एकटाच उभा राहून हेच सांगितलं. पत्र काकू वाचून दाखवतात, हे मले माहीत आहे. त्यांच्याही कानावर जावं, म्हणून फोन केला नाही.’