चिमाने वाल सोडले

सत्त्याण्णव साली रोह्याजवळच्या धाटावमधल्या एका लहानशा प्रयोगशाळेत चिमाकडे काचसामान धुण्याचं काम होतं. आजूबाजूच्या कारखान्यांतून पिंपं आणि टँकर बाहेर पडत. इथून बाहेर पडायची ती फक्त थर्माकोलची पेटी. आत धूर सोडणारा बर्फ आणि बर्फात करंगळीएवढ्या बाटल्या. त्या परदेशी जात. त्यांत काय असतं, हे चिमाने कधी विचारलं नव्हतं. कातकरवाडीतल्या बाईला कंपनीत घेतलं, एवढंच तिला पुष्कळ होतं.

एकदा फ्लास्क विसळताना तिने नाक मुरडलं. "नमिताबाई, एवढं काय शिजवता यात?"

नमिता पेणची, नुकतीच एम.एस्सी. झालेली. कुणी काही विचारलं की तिला बरं वाटायचं. "माणसाच्या रक्तात एक एन्झाइम असतं, चिमाताई. रक्तपेशींना सांभाळतं. ते बनवायची कृती आम्ही जंतूंच्या पोटात घालतो. मग जंतू ते बनवून देतात."

"माणसात हाय, तर जंतूकडनं कशाला?"

"अभ्यासाला. काही माणसांत ते जन्मतःच कमी असतं. त्यांना हिवतापाची एक गोळी सोसत नाही. रक्त आतल्या आत फुटतं, लघवी काळी होते."

नळ तसाच वाहत राहिला.

"कोऱ्या चहासारखी?" चिमाने विचारलं.

तिचा थोरला, वाळू, हिवतापाने गेला असं वाडी समजत होती. खरं तर ताप उतरला होता. गोळ्या पोटात गेल्या आणि मग पोरगा हळदीसारखा पिवळा पडत गेला.

धाकट्या कृष्णाच्या बोटातलं रक्त नमिताने तपासलं. त्याच्यातही ते जवळजवळ नव्हतंच. मुलाला हे आईकडून येतं, एवढं मात्र नमिताने सांगितलं नाही.

"मग यातलं थोडं द्या की," चिमा फ्रीजकडे बघत म्हणाली.

"ते माणसाला द्यायचं नसतं."

"माणसाचंच हाय ना?"

नमिताने बाटलीवरची इंग्रजी चिठ्ठी मराठीत करून सांगितली : फक्त संशोधनासाठी, माणसावर वापरू नये. चिमा त्या चिठ्ठीकडे बराच वेळ वाचत असल्यासारखी बघत राहिली.

देण्यासारखी होती ती फक्त मनाई. नमिताने पुस्तकात बघून सांगितलं : ती गोळी नको, घरात डांबरगोळी नको आणि वाल नकोत.

भात निघाल्यावर रोह्याच्या शेतांत वालाशिवाय असतं काय? दवात भिजलेले वाल उपटायला सगळी वाडी जायची, मजुरी म्हणून वालच घरी यायचे आणि पावसाळाभर पुरायचे. चिमाने जाणं सोडलं. थंडीत पोपटी लागली की वाडीतली पोरं जाळात भाजणाऱ्या वालाच्या शेंगांच्या मडक्याभोवती बसत. कृष्णाला ती घरात धरून ठेवी. मडक्यात घातलेल्या भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास मात्र आत यायचाच. एकदा त्याने चोरून शेंगा खाल्ल्या, तेव्हा तिने त्याच्या घशात बोटं घालून ओकायला लावलं.

जाऊ मालू म्हणायची, "वालानं मरतो व्हय गो कोन? आपली हाडंच वालाची. कंपनीत गेली नि हिला वाल बाटले."



पुढच्या पावसाळ्यात कृष्णाला हिवताप झाला. दवाखान्यात गोळ्यांची पुडी पुढे आली, तशी तिने हात मागे घेतला. पोराला एक गोळी चालत नाय, कोणती ते डॉक्टरांना ठाऊक असंल, म्हणाली. कंपाउंडर हसला. "बाटल्या धुता धुता डॉक्टरीण झालीस गो?" डॉक्टर येईपर्यंत ती पोराला मांडीवर घेऊन पायरीवर बसली. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, पुडीतली एक गोळी काढून ठेवली. कृष्णा वाचला. वाडीत त्याचं कुणाला काही वाटलं नाही. न मेलेल्या पोराची गोष्ट कोण सांगतं?

थंडीत प्रयोगशाळा पुण्याला हलली. जाण्याआधी नमिता पहिल्यांदाच वाडीवर आली. उभ्याउभ्याच म्हणाली, "चिमाताई, पुस्तकातली शेंग वेगळी होती. परदेशातली. मी वाल समजले. आपला वाल खाल्ला तर चालतो."

मालूला हसू आलं. जावेचं तोंड बघून तिने ते गिळलं.

बाहेर पोपटीचं मडकं नुकतंच उघडलं होतं. नमिताने एक शेंग आणून कृष्णाच्या हातात ठेवली. त्याने आईकडे पाहिलं. तिने खा म्हणून मान हलवली. त्याने शेंग सोलली, आतले दाणे पाहिले आणि परत मिटून खाली ठेवली. "नको. मी मरीन."

चिमा नमिताला रस्त्यापर्यंत सोडायला गेली. लांबून बस दिसली.

"वालाचं चुकलं," चिमा म्हणाली. "गोळीचं तरी खरं हाय ना?"

"ते खरं आहे. अगदी नक्की."

"वालाचं बी नक्कीच सांगितलं व्हतं तुम्ही."

बस आली. नमिता चढली. चिमा वाडीकडे वळली. पुन्हा ताप येईल तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर काय बोलायचं, ते आता तिचं तिलाच ठरवायचं होतं.