मार्थाचं माहेर

पासलीच्या सावळाराम उपदेशकाला आयुष्यात दोनच वाटा ठाऊक होत्या, एक उजेडाची आणि एक अंधाराची. डोंगरात जन्म काढूनही मधली पायवाट म्हणून काही असते, हे त्याच्या गावी नव्हतं.

मिशनच्या शाळेत शिकून तो ख्रिस्ती झाला, तेव्हा त्याची बायको नुकतीच बाळंतपणात गेली होती. मागं राहिलेल्या तान्ह्या लेकीला, मार्थाला, त्याच्या थोरल्या भावाच्या बायकोनं, भामाबाईनं, आपल्या लेकराबरोबर अंगावर पाजलं. भामाबाईनं धर्म बदलला नाही. तिचं दूध सावळारामाला चाललं, तिची भाकरीही चालली. तिचा देव तेवढा चालला नाही. गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत म्हणतात, पण खोटं तरी का सांगू?

मार्थानं चुलतीकडं बेंदराच्या सणाची पुरणपोळी खाल्ली, तर त्या संध्याकाळी तिला गुडघे टेकून क्षमा मागावी लागे. जत्रेचा ढोल वाजला की घराची कवाडं बंद होत. पोर सरळ वाढली, असं तो पाद्रीसाहेबांना अभिमानानं सांगायचा. ती नुसती गप्प वाढली होती.

सदतीस साली भोरला मिशनच्या देवळात मार्थाचं लग्न लागलं. भामाबाई पासलीहून पायी आली, खणानारळाची ओटी घेऊन. सावळारामानं तिला दारातच अडवलं. पाद्रीसाहेब बघत होते, म्हणून त्याचा आवाज जरा जास्तच चढला. ही अंधारातली ओटी माझ्या लेकीच्या पदरात पडायची नाही, असं त्यानं चारचौघांत सुनावलं.

“तांदूळ आपल्याच खाचरातलं हायेत, भावजी,” भामाबाई एवढंच म्हणाली. मग तिनं फडकं पुन्हा बांधलं आणि लग्न लागेपर्यंत बाहेर पायरीवर बसून राहिली. हे मार्थानं पाहिलं. बापाशी ती त्यावर एक अक्षर बोलली नाही, आणि सावळारामाला वाटलं, पोरीला पटलं.

पुढल्या वर्षी ती पहिलटकरीण म्हणून माहेरी यायची होती. सावळारामानं भिंती सारवल्या, बाज विणून घेतली, शेजारची शेळी दुधासाठी ठरवली. बैलगाडी गावात शिरली, त्याच्या दारावरून पुढं गेली आणि भामाबाईच्या अंगणात थांबली. अख्ख्या आळीनं ते पाहिलं. नव्या बाजेवर एकटाच बसलेला सावळाराम शरमेनं वर बघेना. पोरगी रुसली असेल, असं त्यानं शेजाऱ्यांना सांगून पाहिलं. शेजारी नुसती मान हलवून आपापल्या कामाला लागले, आणि तेच त्याला जास्त लागलं.

मुलगा झाला. चार दिवस त्यानं तिकडं पाऊल टाकलं नाही. पाचव्या दिवशी दिवेलागणीला मात्र राहवेना. त्या दिवशी पाचवी पुजतात, पाटा-वरवंटा मांडून, हे त्याला माहीत होतं. पायरीवरूनच नातू पाहायचा आणि परतायचं, असं ठरवून तो गेला.

भामाबाईनं त्याला आत बोलावलं. कोपऱ्यात पूजेच्या जागेवर टोपलं पालथं घातलेलं होतं.

“तुमाला येताना बघितलं. चालायचं न्हाई म्हून झाकून ठिवलंय,” ती म्हणाली. “या आत. लेकरासाठी तुमच्या देवाजवळ मागा कायतरी.”

सावळाराम उंबऱ्यावरच थिजला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. देवळाच्या पायरीवर बसवलेल्या बाईनं त्याच्यासाठी स्वतःच्या घरात स्वतःचा देव झाकला होता.

“काढा ते टोपलं, वैनी,” तो कसाबसा म्हणाला. “तुमच्या घरात तुमच्या देवानं दडून बसावं, एवढा मोठा म्या न्हाई. लग्नात म्या लई वाईट वागलो.”

टोपलं तिनं बाजूला केलं. पाट्याकडं पाठ न करता त्यानं बाळाच्या डोक्यावर हात ठेवला आणि येशूच्या नावानं आशीर्वाद मागितला.

मग त्यानं मार्थाला घरी चल म्हटलं. बाज विणून ठेवलीय, शेळीही ठरवलीय.

मार्था बाळाला पदराखाली घेत म्हणाली, “माझं माहेर हेच हाय, बाबा. तुमी येत जावा हितं.”