फाटकाबाहेरच्या पॅट्या

मिस आयसीबद्दल कुणी वाकडं बोललं की माझी तळपायाची आग मस्तकात जाते, म्हणून एकदाचं सगळं सांगूनच टाकते. नातं विचाराल तर मी तिची नणंद. माझा भाऊ लॅसेल्स आणि ती तीसेक वर्षं एका छपराखाली राहतात, तीन पोरं वाढवून त्यांनी शहरात धाडलीत, पण लग्न काही केलेलं नाही. जमैकात, त्यातून आमच्या ट्रिलॉनीच्या डोंगरात, अशी घरं पायलीला पन्नास सापडतील. म्हातारपणी कधीतरी लोक उरकून घेतात. नातवंडं मागे उभी राहतात, नवरीचे गुडघे दुखत असतात, केक कापला जातो, झालं. कुणी त्याचा बाऊ करत नाही.

निदान करत नव्हतं, नवा पास्टर येईपर्यंत.

पण आधी पॅटीचं सांगते, कारण मिस आयसी म्हणजे पॅटी. आकार करंजीचा, करी पावडर घातल्यामुळे पारी पिवळीधमक, आत खिमा. पारीत ती लोणी घालू देत नाही. खाटकाकडून घट्ट पांढरी चरबी आणते, किसते, आणि पिठात चोळते. हात आधी गार पाण्यात बुडवून बसते, कारण हात गरम असले की चरबी वितळते आणि पारीचं चामडं होतं. खिम्यात कांद्याची पात, लसूण, थाईमच्या काड्या, पावाचा चुरा. आणि मिरची! आमची बॉनेट मिरची, लहानशा टोमॅटोएवढी, सुरकुतलेली. ती चिरायची नाही. खिमा शिजत आला की देठासकट अख्खी वर ठेवायची, झाकण घालायचं, नुसता तिचा वास खाली उतरू द्यायचा. फुटायच्या आत देठ धरून अलगद उचलायची. फुटली की संपलं, मग ते पातेलं म्हणजे वणवा. तेवढा वेळ स्वयंपाकघरात कुणी डावाला हात लावायचा नाही. मी एकदा लावला होता, तर त्याच डावानं तिनं मला अंगणापर्यंत हाकललं.

सुगीच्या रविवारी आमचं टेकडीवरचं चर्च सजतं. ज्यानं त्यानं आपापल्या शेतातलं आणायचं: कोनफळं, ऊस, केळीचे घड, नीरफणस. सोमवारी ते सगळं आवारात विकायचं आणि पैसा चर्चला. त्या विक्रीत मधलं टेबल मिस आयसीच्या पॅट्यांचं. तिच्याआधी तिच्या आईच्या पॅट्यांचं होतं. मिस आयसी चर्चमध्ये गाते, फुलं लावते, पण लग्न नाही म्हणून प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमधल्या पवित्र भाकरीला, बसत नाही. एवढं सगळ्यांनी आपसात ठरवून टाकलेलं होतं, तिनंही कधी कुरकुर केली नाही. वर्षातून एक दिवस मात्र ते टेबल तिचं. त्या दिवशी गावातला लहानथोर तिच्यापुढे येऊन उभा राहतो. बाईला दुसरी कसली हौस नव्हती हो.

पास्टर फेंटन राजधानीतून आलेले. तरुण, बूट चकचकीत, आवाज गोड. सुगीच्या दहा-बारा दिवस आधी दुपारी मिस आयसीच्या अंगणात आले. मी शेंगा सोलत बसले होते. हिनं आग्रह केला, त्यांनी दोन पॅट्या खाल्ल्या, बोटं चाटली, रुमालानं ओठ पुसले आणि मग म्हणतात कसे, "सिस्टर आयसी, यंदापासून सुगीच्या टेबलावर फक्त विधिवत संसार असलेल्या घरांतलंच अन्न ठेवायचं ठरवलंय. मनाला लावून घेऊ नका. उपाय सोपा आहे. येत्या रविवारी चर्चमध्ये लग्नासाठी तुमची नावं वाचतो, सुगीच्या आधी लग्न लावून देतो. टेबल तुमचंच."

मी शेंगांची टोपली खाली आपटली. मिस आयसी म्हणाली, "तिसरी खायच्या आत सांगितलंत ते बरं झालं, पास्टर." आणि ताट उचलून आत गेली.

संध्याकाळी लॅसी शेतावरून आला, चिखलानं माखलेला. माझा भाऊ म्हणजे तोंडातून शब्द काढायला कुदळ लागते असा माणूस. कोनफळांशी बोलत असेल तेवढंच. त्यानं सगळं ऐकून घेतलं, पाय धुतले आणि पायरीवर बसून म्हणाला, "मग करून टाकू या की."

"नाही," मिस आयसी म्हणाली.

"मी काय आज पहिल्यांदा विचारतोय? थोरला झाला तेव्हा विचारलं, घर बांधलं तेव्हा विचारलं."

"तेव्हाही नाहीच म्हटलं होतं."

"अगं पण का? माझ्यात काय वाईट आहे?"

"तुझ्यात काही वाईट नाही. जेवायला बस."

तो जेवला नाही. उठला आणि नाक्यावर डॉमिनो खेळायला निघून गेला. मला भावाची बाजू घ्यावीशी वाटली, खोटं कशाला बोलू. म्हटलं, "मिस आयसी, एवढा हट्ट बरा नाही. एक अंगठी घातली तर बोट झडतंय का तुझं?"

ती भांडी घासत होती. मागे न वळता म्हणाली, "डोरेट, तुझा भाऊ रोज संध्याकाळी स्वतःच्या मर्जीनं या दारातून आत येतो. मी माझ्या मर्जीनं दार उघडते. एक दिवस त्यानं हात उगारला, तर त्याच दारातून त्याला बाहेर काढायला मला कुणाची परवानगी लागू नये. आणि टेबलाचं म्हणशील, तर टेबल म्हणजे काय, चार पायांवर एक फळी. फळ्या माझ्या घरी पण आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे विक्रीच्या सोमवारी कळेल."

त्या दिवसांत गावात दुसरा विषय नव्हता. कुणी म्हणे मिस आयसीला घमेंड चढलीय, कुणी म्हणे लॅसीचंच कुठेतरी दुसरं लग्न असेल. आमच्या लॅसीचं! त्याला एक संसार सांभाळताना धाप लागते. बायकांच्या मंडळाच्या बैठकीत मी विषय काढला. टेबलाची सगळी व्यवस्था मदर क्लेमीकडे असते. नव्वदीला टेकलेली विधवा बाई, चर्चमधली वडीलधारी म्हणून सगळे मदर म्हणतात, पांढरी टोपी, काठी, आणि नजर अशी की पोरं चालत नाहीत, धावत सुटतात. टेबलावर काय येणार आणि काय नाही हे आजवर तिनंच ठरवलेलं. मी म्हटलं, "मदर, तुम्ही काही बोला ना." तिनं माझ्याकडे पाहिलं, ओठ हलवले आणि पुढच्या वेळच्या फुलांचं काढलं. मी तिथून उठून आले. येताना दार जरा जोरातच लागलं.

सोमवारी सकाळी मी मदतीला गेले. मोठं पातेलं चुलीवर, खिम्यावर मिरची ठेवलेली, झाकण लावलेलं. मिस आयसी मागच्या अंगणात पारी लाटत होती. लॅसी शेतावर गेलाच नव्हता. स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होता आणि पास्टरच्या नावानं बोटं मोडत होता. इतके शब्द मी त्याच्या तोंडून वर्षभरात ऐकले नसतील.

"माझ्या घरात येऊन, माझ्या खुर्चीवर बसून, माझ्याच बायकोला..." म्हणत त्यानं झाकण काढलं, डाव घेतला आणि रागाच्या भरात ते पातेलं असं घुसळलं की मी किंचाळले.

"अरे मेल्या! मिरची!"

तो डाव तसाच वर धरून उभा. मिरचीची नुसती सालं तरंगत होती. क्षणात वाफ नाकात शिरली, मी खोकत सुटले, त्याचे डोळे गळायला लागले. मिस आयसी पिठाच्या हातांनी धावत आली. मला वाटलं, आता डाव बसतोय. दुसरा खिमा आणायला ना वेळ होता ना सोय.

तिनं बोटावर घेऊन चाखलं. डोळे मिटले. पाणी प्यायली नाही.

"आयसी, माझं चुकलं," लॅसी म्हणाला. "ओतून देतो."

"खबरदार," ती म्हणाली. "दरवर्षी म्हाताऱ्यांना सोसेल, पोरांना सोसेल असं करते. सगळ्यांना सोसेल असं वागून काय पदरात पडलं? यंदा असंच जाऊ दे. डोरेट, पोरांसाठी नुसता पाव आण. बाकीच्यांना आधी सांगायचं की जळणार आहे, मग विकायचं."

आम्ही बसलो. ती भरायची, दुमडायची, मी काट्यानं कडा दाबायची, लॅसी ताटं उचलायचा. ओव्हन उघडला की शेजाऱ्यांच्या शिंका ऐकू यायच्या.

चर्चच्या फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडे, लॅसीनं दोन पिंपांवर फळी टाकली. रस्ता कुणाच्या बापाचा नाही. मिस आयसीनं चर्चला जायचा निळा झगा घातला होता, डोक्यावर टोपी. फाटकाच्या आत मधल्या टेबलावर कुणीतरी केक मांडला होता. लोक एकदा केककडे, एकदा आमच्याकडे बघत होते. मग खाटीक मास अल्टन, मोठ्या पुरुषाला आम्ही आदरानं मास म्हणतो, कोनफळ खांद्यावर टाकून सरळ आमच्याकडे आला.

"जळतंय," मिस आयसीनं सांगितलं.

"जळू दे." त्यानं घास घेतला. कानांच्या पाळ्या लाल झाल्या, नाक वाहायला लागलं. "आयसी! हे काय घातलंस, सैतानाचा पाय?" म्हणाला आणि दुसरी मागितली.

मग रांगच लागली. माणसं रडत होती, हाशहुश करत होती, एकमेकांना चिडवत होती, आणि परत रांगेत उभी राहत होती. फाटकाच्या आत केक आणि पास्टर उरले, शिवाय खुर्चीवर मदर क्लेमी.

शेवटी पास्टर फाटकापर्यंत आले. आवाज अजून गोडच. "सिस्टर, हे काय चालवलंय? देवाच्या दारात भांडण बरं दिसत नाही. मास लॅसेल्स, तुम्ही सांगा, या बाईशी लग्न करायची तुमची तयारी आहे की नाही?"

"मी कधीपासून विचारतोय," लॅसी म्हणाला. "तीच नको म्हणते."

लोक हसले. पास्टरांना ते अपेक्षित नव्हतं. मिस आयसीकडे वळून म्हणाले, "म्हणजे तुम्हीच? का, सिस्टर?"

तिनं हातातलं ताट फळीवर ठेवलं. जे मला कधी म्हणाली नव्हती, लॅसीला म्हणाली नव्हती, ते त्या रस्त्यावर सगळ्यांसमोर म्हणाली.

"माझ्या आईचं, इडालिनचं, लग्न याच चर्चमध्ये लागलं, पास्टर. अंगठीसकट. एका सुगीच्या आधी माझ्या बापानं तिचा उजवा हात मोडला. तिनं डाव्या हातानं पारी मळली. कडा मी दाबल्या, मी शाळकरी होते. सोमवारी हाताला फळकुट बांधून ती त्या टेबलापाशी आली. सगळ्या गावानं पाहिलं. तेव्हाचे पास्टर म्हणाले, 'इडालिन, सोसून घे, नवरा आहे.' आणि पॅट्या घेतल्या. छान झाल्यात म्हणाले." तिनं फाटकाच्या आतल्या टेबलाकडे बोट दाखवलं. "त्या पॅट्यांनी ते टेबल विटाळलं नाही. माझ्या पॅट्यांनी विटाळतं?"

कुणी चावत होतं त्यानं चावणं थांबवलं. लॅसीनं टोपी काढली. हळूच म्हणाला, "मला कधी बोलली नाहीस."

"तू तसा नव्हतास ना, म्हणून नाही बोलले," ती म्हणाली.

तेवढ्यात आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मदर क्लेमी उठली होती. काठी टेकत आली, पास्टरांना बाजूला व्हायची खूण केली आणि फाटकाबाहेर पडली. रस्ता ओलांडायला तिला वेळ लागला. मी हात द्यायला गेले, तर झिडकारला.

"ताट मी घेतलं होतं," ती मिस आयसीला म्हणाली. "इडालिनच्या हातून. हात बघितला मी. आणि म्हटलं काय तिला, तर यंदा पॅट्या कमीच आणल्यास."

मिस आयसीनं ताटं सरकवून फळीपाशी जागा केली. लॅसीनं आपलं स्टूल पुढे सरकवलं. मदर फळीच्या आतल्या बाजूला, मिस आयसीशेजारी बसली.

"मदर, आत चला," पास्टर फाटकातून म्हणाले. "तुमची जागा तिथं नाही. तुमचं तर रीतसर लग्न झालेलं. जन्मभर संसार केलात."

"केला ना," मदर क्लेमी म्हणाली. "म्हणूनच तर इथं बसलेय."