सीटखालची वायर

गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या त्या बाईंना गॅरेजमध्ये सगळे ताईच म्हणत. नवरा गेला तेव्हा पदरात लहान मुलगी होती. गॅरेजच्या मालकांनी, म्हणजे मास्तरांनी, त्यांना मशीनवर बसवलं, फोम कापायला शिकवलं. तेव्हापासून एकोणीस वर्षं त्यांनी मास्तरांचा शब्द खाली पडू दिला नव्हता.

मुलगी मोठी झाली, फुलं पोचवायचा धंदा करू लागली. त्यासाठी घेतलेल्या गाडीला पुढच्या दोनच सीट होत्या, म्हणून तिच्या तान्ह्या बाळाची सीटही पुढेच बांधावी लागे. मोठ्या माणसाला वाचवणारी एअरबॅग मागे तोंड करून बसवलेल्या बाळावर आदळली, तर जीवच घ्यायची. म्हणून सीटखाली सेन्सर असतो. वजन कमी दिसलं की तो त्या बाजूची एअरबॅग बंद ठेवतो आणि समोर पिवळा दिवा लागतो. हे ताईंना मास्तरांनीच समजावलं होतं.

तो सेन्सर बिघडला, तेव्हा ताईंनी डोळे झाकून गाडी मास्तरांकडे दिली.

"नवा टाकलाय, पोरी. निर्धास्त राहा," मास्तर म्हणाले.

तीन महिन्यांनी बाळाचं दूध सीटवर सांडलं, वास काही जाईना. ताईंनी कव्हर उसवलं. फोमखाली जुनाच सेन्सर होता. त्याची वायर कापून टोकाला चिकटपट्टीत तांदळाएवढा रेझिस्टर गुंडाळला होता. इथे कायम मोठं माणूस बसलंय, असं गाडीला वाटावं म्हणून.

"पिवळा दिवा लागतो का गं?" त्यांनी मुलीला विचारलं.

"नाही. मास्तर म्हणाले, नव्या सेन्सरला तो लागत नाही."

ताई तडक गॅरेजवर गेल्या. मास्तर हात पुसत होते.

"बाळ तिथेच बसतं, हे माहीत होतं ना तुम्हाला?"

"तो पार्ट मिळत नव्हता. तू रोज मागे लागत होतीस. मिळाला की बदलणारच होतो."

"मग तसं सांगायचं."

"काही झालं का? बाळ धडधाकट आहे ना?"

त्याच बाळाला मास्तरांनी दवाखान्यात मांडीवर घेतलं होतं. ताईंनी विचारलं, "आणखी किती गाड्यांत?"

मास्तर बॉनेटखाली वाकले.

आपण कव्हरं घातलेल्या गाड्यांच्या मालकांना ताईंनी एकेक करून फोन लावले. अकरा जणांनी सीट उघडू दिल्या. चार गाड्यांत तसाच रेझिस्टर निघाला, त्यावरच्या कव्हरला ताईंचीच घट्ट, सरळ शिवण. ती पाहून ताई चौथ्या गाडीच्या पायरीवरच बसल्या.

गिऱ्हाइकं गॅरेजवर भांडायला गेली. ताई कृतघ्न निघाली, असं मास्तर सांगत सुटले. आता ताई मुलीच्या फुलांच्या दुकानामागे शिवतात. परवा मास्तरांचा निरोप आला, झालं गेलं विसरून परत ये म्हणून.

ताईंनी निरोप ऐकला आणि निरोप आणणाऱ्याला चहा दिला. उत्तर दिलं नाही.